सरकून बसा, भेंड्या खेळू या

दसरा झाला की रायपूरच्या तात्यापाऱ्यात, लाखेनगरात, चौबे कॉलनीत मराठी घरांतून शिडी निघते. माळ्यावरचं, आमच्या मुलांच्या भाषेत टांडावरचं, सामान खाली येतं, दिवसभर गच्चीवर ऊन खातं आणि संध्याकाळी जवळजवळ तेवढंच्या तेवढं परत वर जातं. धूळ तेवढी झटकली जाते. याला आपण दिवाळीची साफसफाई म्हणतो. ही सफाई अर्धीच राहते, कारण ती कशासाठी चालली आहे हे आपण ठरवलेलंच नसतं. पाहुणे येणार, लक्ष्मी येणार, चार लोक नावं ठेवतील, ही कारणं दिवाळीबरोबर येतात आणि दिवाळीबरोबर जातात. वर्षभर पुरेल असं एकच कारण मला दिसतं. घरातल्या सगळ्यांना एका वेळी, एका खोलीत, जमिनीवर गोल करून बसता आलं पाहिजे. ज्या घरात गाण्याच्या भेंड्या खेळायला जागा आहे, ते घर आवरलेलं. बाकीच्या कसोट्या त्यानंतर.

हे वाचायला हलकं वाटेल, पण मी ते पूर्ण मनापासून म्हणते आहे. घरातली अडगळ आणि घरातली गाणी यांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार जवळचा आहे.

आधी अडगळीचं बघू. इथल्या मराठी घरांत ती एवढी का साठते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांबरोबर छत्तीसगडात उतरली. 1758 पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राज्य केलं. त्यांच्यामागून कारकून आले, भिक्षुक आले, सावकार आले. 1818 मध्ये कारभार रतनपूरहून रायपूरला हलला. पुढे मध्य प्रांत झाला आणि 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. शिक्षक, वकील, तहसिलातले बाबू, रेल्वेतले नोकर अशी माणसं नागपूर, वर्धा, अमरावतीकडून येत राहिली. यातल्या बहुतेकांची नोकरी बदलीची. आज धमतरी, उद्या दुर्ग, परवा बिलासपूर. बदलीचा हुकूम निघाला की थोड्या दिवसांत सगळा संसार गाडीत बसवावा लागे. जे बसेल ते आपलं, उरेल ते शेजाऱ्यांचं. बदली हीच त्या पिढीची आवराआवर होती आणि ती सरकारी खर्चाने व्हायची.

मग माणसं स्थिरावली. 1935 मध्ये इथे महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं, प्लॉट घेतले गेले, घरं बांधली गेली. बदल्या थांबल्या आणि त्याबरोबर सामान कमी करण्याची सक्तीही थांबली. सामान येत मात्र राहिलं. नागपूरच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा वाट्याला आलेले पितळी गंज आणि गुंड आले, लग्नातले स्टीलचे डबे आले, मिक्सर आल्यावर निवृत्त झालेला पाटा-वरवंटा कोपऱ्यात राहिला, गॅस गीझर आल्यावर तांब्याचा बंब गच्चीच्या जिन्याखाली गेला. जागा तेवढीच, माणसं कमी, सामान वाढतं. आता मुलगा पुण्याला, मुलगी बंगळुरूला, आणि त्यांच्या दहावीच्या वह्या रायपूरला.

आमच्या घरची एक लोखंडी ट्रंक यासाठी उघडून दाखवण्यासारखी आहे. झाकणावर पांढऱ्या रंगाने सासऱ्यांचं नाव. खाली 'धमतरी' लिहून खोडलेलं, 'राजनांदगाव' लिहून खोडलेलं, 'दुर्ग' खोडलेलं आणि शेवटी 'रायपूर', ज्यावर काट मारायची वेळ आलीच नाही. आत वरच्या थरात संक्रांतीच्या हळदीकुंकवातलं वाण: प्लॅस्टिकच्या साबणदाण्या, चहाच्या गाळण्या, झाकण हरवलेली मसाल्याची छोटी डबी. त्याखाली खण आणि ब्लाऊजपीस, घडी न मोडलेले. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, त्यावर सासूबाईंच्या बारीक अक्षरात तो कोणी दिला ते. ज्यांनी दिला त्यांच्याच ओटीत चुकून परत जाऊ नये म्हणून ही दक्षता. त्याखाली पितळी सोऱ्या, त्याची शेवेची चकती आहे, चकलीची नाही. मोदकपात्र, दोन लुगडी, प्रेशर कुकरच्या ताणलेल्या रिंगा आणि सगळ्यात खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली निरंजनांची जोडी.

या पेटीतल्या निम्म्या वस्तू कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत, आणि तरी त्या फेकायच्या कशा, हा प्रश्न खराच आहे. कारण त्या वस्तू एकाच्या नाहीत. सोऱ्या सासूबाईंच्या आईचा, निरंजनं नागपूरच्या घरातली, वाण गावातल्या वीस बायकांचं. इथेच आजकालच्या आवराआवरीच्या शास्त्राशी माझा मतभेद होतो. मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक 2014 मध्ये इंग्रजीत आलं आणि 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली. वस्तू हातात घ्या, आनंद देते का बघा, देत नसेल तर आभार मानून निरोप द्या, ही त्यांची पद्धत. तिच्यात सौजन्य आहे. खंडेनवमीला अवजारांची पूजा करणाऱ्या माणसाला वस्तूचे आभार मानणं परकं वाटायचं कारण नाही. पण या पद्धतीत निवाडा करणारं माणूस एकटं आहे. स्वतःच्या वस्तू स्वतः निवडा, दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावू नका, असं त्या सांगतात. जिथे कपाटाला एक मालक असतो तिथे हे चालतं. आमच्या ट्रंकेला तीन पिढ्या मालक आहेत, त्यातली एक हयात नाही आणि एक परगावी आहे. त्या पेटीपुढे एकट्या सुनेला बसवून 'आनंद होतो का बघ' म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. ठेवलं तर पसारा तिचा, टाकलं तर पाप तिचं.

हा भार बाईवरच पडतो, याला बाहेरचा पुरावाही आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 32 मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांतल्या वस्तूंचा बारकाईने अभ्यास केला आणि 2012 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. चारांपैकी तीन घरांच्या गॅरेजमध्ये सामान इतकं होतं की गाडी आत जाईना. याच प्रकल्पातून असंही दिसलं की आपलं घर पसरलेलं आहे असं ज्या बायका सांगत, त्यांच्या शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकाची चाल दिवसभर बिघडलेली असे. नवऱ्यांमध्ये हे तेवढं आढळलं नाही. अडगळ सगळ्यांची आणि तिचा ताप एकीला, हे रायपुरातही काही वेगळं नाही.

तेव्हा आवराआवर हे सगळ्या घराचं काम असलं पाहिजे. आणि सगळ्या घराने मिळून एखादी गोष्ट कशी करायची, याचा उत्तम नमुना आपल्याकडे तयार आहे. तो म्हणजे भेंड्या.

भेंड्यांचा खेळ फार जुना आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये 'प्रतिमाला' नावाची एक कला आहे आणि टीकाकार यशोधराने तिचा अर्थ अंत्याक्षरी असाच सांगितला आहे. एकाच्या श्लोकाच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने श्लोक म्हणायचा. म्हणजे पाठांतराची आणि हजरजबाबीपणाची ही परीक्षा हजार-दीड हजार वर्षं तरी चालत आली आहे. शाळांमधून श्लोकांच्या, कवितांच्या भेंड्या होत. मग रेडिओ आला आणि भेंड्यांत सिनेमाची गाणी शिरली. त्यात आमच्या भागाचा वाटा मोठा. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देश तिकडे कान लावून बसला. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला 'विविध भारती' काढावी लागली. त्यानंतरच्या काळात फर्माइशी पाठवणाऱ्यांत तेव्हाच्या बिहारातलं झुमरी तलैया जसं गाजलं, तसंच रायपूरजवळचं भाटापाराही गाजलं. धानाच्या बाजारपेठेचं हे गाव देशभरच्या श्रोत्यांना माहीत झालं ते गाण्यांच्या पोस्टकार्डांमुळे. 1993 मध्ये झी टीव्हीवर अन्नू कपूर अंत्याक्षरी घेऊन आले तेव्हा या भागातल्या घरांची तयारी झालेलीच होती.

या खेळाचे नियम नीट पाहिले तर त्यात घराचं एक उत्तम तत्त्वज्ञान सापडतं. पहिलं म्हणजे इथे वयाचा अडसर नाही. आजीला गेल्या दशकातलं एक गाणं येत नाही, नातवाला शंकर-जयकिशन माहीत नाहीत, पण 'ठ' आला की दोघं एकमेकांकडे बघतात. हिंदी गाण्याची ओळ पुष्कळदा 'है'वर संपते, म्हणून 'ह'ची गाणी आधी आटतात आणि मग म्हाताऱ्या माणसांचा साठा उघडतो. त्या क्षणी आजी घरातली सर्वांत श्रीमंत व्यक्ती असते. दुसरं, गाणं कुणाच्या मालकीचं नसतं. मी म्हटलं म्हणून तुझं कमी होत नाही. तिसरं आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की गाणं न म्हणता ठेवता येत नाही. मनातल्या मनात राखून ठेवलेल्या गाण्याला गुण नाही. ओठावर आलं तरच ते आपलं, नाहीतर भेंडी चढते.

हाच नियम वस्तूंना लावून पाहा. वापरात आली तर आपली.

लगेच कुणी म्हणेल की वस्तू म्हणजे आठवण, आणि आठवणीला उपयोगाचा काटा कसा लावता? भालचंद्र नेमाड्यांनी 2010 साली आलेल्या 'हिंदू' या कादंबरीच्या उपशीर्षकातच जगण्याच्या अडगळीला समृद्ध म्हटलं आहे, आणि त्यात मोठं तथ्य आहे. एखाद्या संस्कृतीने हजारो वर्षांत साठवलेलं एकाएकी झाडून टाकता येत नाही, टाकूही नये. रायपूरसारख्या ठिकाणी हा मुद्दा आणखी टोकदार होतो. इथे आपण मराठी मुलखाच्या बाहेर आहोत. मुलांची शाळा हिंदी-इंग्रजी, मित्र हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारे. अशा वेळी पाट, मोदकपात्र, महालक्ष्म्यांचे मुखवटे ही घरातल्या मराठीपणाची खूण होऊन बसते. ती गेली तर मागे काय उरलं, ही धास्ती मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि ती खोटी नाही.

पण या धास्तीचं उत्तर माळ्यावर नाही. ज्या घरात मोदकपात्र आहे आणि मोदक होत नाहीत, त्या घरात मराठीपण किती? याच शहरात शिकलेल्या माधवराव सप्र्यांनी फार मोठा धडा घालून दिला आहे. 1900 मध्ये पेंड्राहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. रायपूरचे वामनराव लाखे त्याचे प्रकाशक होते. पुढे सप्र्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. आपल्याकडे होतं ते त्यांनी पेटीत जपून ठेवलं नाही, शेजाऱ्याच्या भाषेत वाटून टाकलं. आज छत्तीसगडात मराठी माणसाबद्दल जो आदर आहे, त्यात अशा वाटण्याचा हिस्सा मोठा आहे. वारसा टिकतो तो चलनात राहिल्याने.

म्हणून आमच्या घरी भेंड्यांना एक नियम केला आहे. हिंदी गाण्याला एक गुण, मराठी गाण्याला दोन आणि छत्तीसगढी गाण्यालाही दोन. मुलं गुणांच्या लोभाने मराठी गाणी पाठ करतात, आजी गुणांच्या लोभाने ददरिया ही छत्तीसगढी लोकगीतं शिकते. 'ळ'वर संपलं तर 'ल' आणि 'ण'वर संपलं तर 'न' धरायचा, ही सवलत जुनीच. या नियमाने आमच्या घरात जेवढी मराठी शिरली तेवढी कुठल्याच जपून ठेवलेल्या वस्तूने आणली नाही. यामागचं शास्त्रही सरळ आहे. दहा ते पंचवीस-तीस या वयात ऐकलेलं माणसाच्या मनात सर्वांत खोल रुतून बसतं, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना वारंवार आढळलं आहे. आणि 2015 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रौढ शिक्षणाचे वर्ग तपासले, तेव्हा एकत्र गाणाऱ्यांची एकमेकांशी जवळीक हस्तकला किंवा लेखन शिकणाऱ्यांपेक्षा लवकर झाली. सोबत गायलेलं माणसाला माणसाशी बांधतं आणि माळ्यावरची एक इंचही जागा घेत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. एका वेळी एकच पेटी खाली काढायची. सगळं घर गोल करून बसेल अशी वेळ धरायची, परगावच्या मुलांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं. वस्तू एकेक करून मध्ये ठेवायची. जिला ती वस्तू ठाऊक आहे तिने आधी तिची हकीकत सांगायची, घाई न करता. मग विचारायचं, ही वापरायला कोण घेतो? लहान मुलांनी दहापर्यंत मोजायचं. कुणी हात वर केला तर वस्तू त्याची, पण ती त्या आठवड्यात वापरात आली पाहिजे. कुणीच हात वर केला नाही तर ती द्यायच्या ढिगात. घरातल्या वडीलधाऱ्यांना नकाराधिकार असलाच पाहिजे. 'हे राहू दे' एवढं त्यांनी म्हटलं की विषय संपला. आजीच्या डोळ्यांदेखत तिचा संसार मोडीत काढून मिळवलेला नीटनेटकेपणा मला नको आहे. आणि गंमत अशी की हकीकत सांगून झाली, चार जणांनी ती ऐकली, की बहुतेक वेळा आजी स्वतःच म्हणते, 'देऊन टाका.' तिला वस्तू राखायची नसते, ती गोष्ट कुणीतरी ऐकायला हवी असते.

दिलेलं जातं कुठे, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. माळा रिकामा करून गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर वाढवणं म्हणजे आवरणं नव्हे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या आईच्या काळी दारावर यायची. कबाडी आजही सायकल घेऊन हाक मारत येतो. पितळ, लोखंड, रद्दी, बाटल्या त्याच्या हातून पुन्हा कामाला लागतात. त्याच्याशी दोन रुपयांची घासाघीस न केलेली बरी. आपल्याच राज्यातल्या अंबिकापूरने बचत गटांच्या बायकांच्या हातून दारोदारचा कचरा गोळा करून वेगळा केला आणि देशाला दाखवून दिलं. 2019 मध्ये तिथे किलोभर प्लॅस्टिक आणून देणाऱ्याला जेवण देणारं कॅफेही सुरू झालं. ढीग वेगळा करण्याची अक्कल आपल्याला दिल्ली-मुंबईकडून आणायची गरज नाही.

आणि देण्याचा सणसुद्धा इथे आहे. पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. धान घरात आलेलं असतं आणि गावातली पोरं टोपल्या, पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. गाणं म्हणत मागतात आणि त्या दिवशी कुणीच कुणाला रिकाम्या हाती परत पाठवत नाही. ज्याची कोठी भरली त्याने ती थोडी मोकळी करायची, हा त्यातला विचार. आपल्याकडेही लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री नव्या केरसुणीने घर झाडून, सूप वाजवत अलक्ष्मीला बाहेर काढायची रीत होती. दोन्हीकडे घर मोकळं करणं हे काम सगळ्यांनी मिळून, आवाज करत, सण म्हणून केलेलं आहे. आपण ते एका बाईच्या एकट्या दुपारवर ढकललं, तिथे चूक झाली.

माझी एवढीच विनंती आहे. या दिवाळीला सगळा माळा काढू नका. एकच पेटी काढा, पण सगळे मिळून काढा. संध्याकाळपर्यंत जेवढी जमीन मोकळी होईल तेवढ्यावर सतरंजी टाका, टीव्ही बंद करा, घराचे दोन गट पाडा आणि पहिलं अक्षर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला द्या. शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबालाही बोलवा. जागा कमी पडली तर पुढच्या रविवारी दुसरी पेटी काढा.